काटा मधोमध आहे, पण तो खरा आहे का?

१९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने दोन आसनांची, उघड्या टपाची एक छोटी गाडी मांडली. अमेरिकेत ती मियाटा आणि इतर बऱ्याच देशांत एमएक्स-५ या नावाने ओळखली जाते. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. यांपैकी कित्येक गाड्यांचे हौशी मालक सुटीच्या दिवशी आपली गाडी शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर पळवायला नेतात. त्या वेळी एक प्रश्न हटकून पुढे येतो. एंजिनाची खबर देणारी आणखी कोणती मापके गाडीत बसवावीत?

बाजारात वंगणाचा दाब, वंगणाचे तापमान, पाण्याचे तापमान, विजेचा दाब, हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अशा नाना गोष्टी दाखवणारी मापके मिळतात. साधारण ५२ मिलिमीटर व्यासाच्या त्या गोल तबकड्या दिसतातही सुरेख. पण ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ४४ मीटर पुढे जाते. चालकाने एक सेकंद तबकडीकडे पाहिले, तर तेवढे अंतर तो रस्ता न पाहताच जातो. म्हणून मापके थोडीच हवीत. दोनच बसवायची असे समजून आपण निवड करू.

आता तुम्ही विचाराल, की गाडीत मुळातच वंगणाच्या दाबाचा आणि पाण्याच्या तापमानाचा काटा असतो, मग पुन्हा तीच मापके कशाला? येथेच खरी गोम आहे. या गाडीच्या १९९५ पूर्वीच्या नमुन्यांत वंगणाच्या दाबाचा काटा खरोखर दाब दाखवीत असे. एंजिन थंड असताना तो वर जाई, तापल्यावर खाली येई, वेग वाढवला की पुन्हा चढे. १९९५ च्या नमुन्यापासून मात्र त्या जागी नुसते एक बटण आले. दाब अगदी किमान पातळीच्या वर असला की बटण दाबले जाते आणि काटा मधोमध जाऊन उभा राहतो. दाब त्या पातळीच्या खाली गेला, की काटा एकदम शून्यावर. मधल्या अवस्था नाहीतच! हलणारा काटा पाहून मालक उगाच घाबरतात, असे याचे कारण सांगितले जाते. पाण्याच्या काट्याचेही पुष्कळ गाड्यांत असेच असते. तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झाले तरी काटा मध्यावर स्थिर राहावा, अशी योजना मुद्दाम केलेली असते. रोजच्या प्रवासाला हे चालेल, पण शर्यतीच्या मार्गावर जाणाऱ्याला चालणार नाही.

प्रथम वंगणाचा दाब घेऊ. एंजिनाचा क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो, पण धातूवर धातू घासत नाही. दोहोंमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि शाफ्ट त्यावर जणू तरंगतो. पंप हे तेल सतत पुरवतो. तेलाच्या मार्गात बेअरिंगच्या अरुंद फटी असल्याने प्रवाहाला अडथळा होतो आणि त्यामुळे दाब निर्माण होतो. म्हणजे मापक दाखवतो तो दाब तीन गोष्टींवर ठरतो: पंपाचा वेग, फटींची रुंदी आणि तेलाची श्यानता, म्हणजेच घट्टपणा. थंडीच्या दिवसांत काकवी बरणीतून किती सावकाश पडते ते तुम्ही पाहिले असेल. एंजिनाच्या तेलाचेही तसेच असते. एसएई ३० या जातीचे तेल ४० अंश सें. तापमानाला जितके घट्ट असते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकेच १०० अंशांना उरते. म्हणून गरम एंजिनाचा दाब थंड एंजिनापेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. या गाडीच्या पहिल्या, १.६ लिटरच्या एंजिनात मिनिटाला ३,००० फेऱ्यांना हा दाब दर चौ. सें.मी. ला सुमारे ३ ते ४ किलोग्रॅम असावा लागतो.

धोका कुठे आहे? एंजिनातले तेल थोडे कमी झाले म्हणून दाब लगेच उतरत नाही. पंपाच्या शोषक नळीचे तोंड तेलात बुडालेले आहे तोवर काटा निश्चिंत असतो. पण वेगात लांब वळण घेताना तळाच्या भांड्यातले तेल एका बाजूला चढते, तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढू लागतो. वळण संपले की सारे पूर्ववत. असे वारंवार झाले तर बेअरिंग झिजतात, आणि पुरवठा पुरता तुटला तर एंजिन काही सेकंदांत निकामी होऊ शकते. खरा काटा वळणावळणाला खाली झुकतो आणि आधीच इशारा देतो. बटणवाला काटा दाब जवळजवळ संपल्यावरच बोलतो. तेव्हा आपली पहिली निवड झाली: वंगणाचा दाब.

हा दाब मोजायची जुनी युक्ती फ्रान्समधील यूजीन बूर्दाँ यांची. १८४९ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. जत्रेत फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी मिळते ना? तेच तत्त्व. चपटी, वाकडी नळी आतल्या दाबाने सरळ होऊ पाहते आणि तिचे टोक काटा फिरवते. अशा मापकाला वीज लागत नाही, पण गरम तेलाची बारीक नळी चालकाच्या पायांपर्यंत आणावी लागते. ती फुटली तर काय होईल ते सांगायला नकोच. त्यापेक्षा एंजिनावर संवेदक आणि तबकडीपर्यंत फक्त तारा, ही व्यवस्था बरी.

दुसरे मापक कोणते? पुष्कळजण वंगणाचे तापमान निवडतात. आमची पसंती पाण्याच्या तापमानाला आहे. कारण असे, की त्याच वेगाला नेहमीपेक्षा दाब कमी दिसू लागला, तर तेल जास्त तापले असावे हा अंदाज पहिल्याच काट्यावरून येतो. पाण्याची बातमी मात्र तो देत नाही. रेडिएटरचे झाकण पाणी दाबाखाली ठेवते. वातावरणाहून दर चौ. सें.मी. ला एक किलोग्रॅम जादा दाब असला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. ९० वरून ११० पर्यंतचा प्रवास त्यामुळे फार मोलाचा, आणि नेमका तोच मूळ काटा लपवतो. संवेदक म्हणून बहुधा थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विद्युत्-रोध घटतो. मात्र एक लक्षात ठेवा. पाणी गळून गेले आणि संवेदक कोरडा पडला, तर एंजिन भाजून निघत असतानाही हे मापक भलतेच कमी तापमान दाखवू शकते. मापक फक्त स्वतःभोवतीच्या पदार्थाचे तापमान सांगते!

बाकीच्यांविषयी थोडक्यात. व्होल्टमापक स्वस्त आहे. एंजिन चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट दिसले की जनित्र ठीक. गाडीला टर्बो जोडला असेल तर मात्र आमचा क्रम बदलेल. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. जोराच्या भाराखाली पेट्रोल त्याहून अधिक लागते, आणि ते कमी पडले तर दट्ट्या वितळण्यापर्यंत पाळी येते. अशा गाडीत हवा-पेट्रोल प्रमाणाचे मापक आधी हवे.

आणि दाबाच्या काट्याजोडीला एक लाल दिवा हवाच. सावकाश वाढणारी गोष्ट काट्याने कळते, अचानक कोसळणारी गोष्ट दिव्याने. शर्यतीतले जुने मेकॅनिक तर तबकड्या फिरवून अशा बसवीत, की सारे ठीक असताना सगळे काटे सरळ वर उभे दिसावेत. मग आकडे वाचावे लागत नाहीत. तिरका काटा लगेच डोळ्यांत भरतो.

करून पाहा : एका उंच परीक्षानळीत एरंडेल भरा. सायकलच्या बेअरिंगमधला लहान छरा वरून सोडा आणि तळाशी पोचायला किती वेळ लागतो ते सेकंद-घड्याळाने मोजा. मग नळी कोमट पाण्यात दहा मिनिटे उभी ठेवून पुन्हा मोजा. ज्योतीवर धरू नका. २० अंशांचे एरंडेल ४० अंशांना जवळजवळ चौपट पातळ होते. दर पाच अंशांना एक नोंद घेऊन आलेख काढा. तो सरळ रेषा येतो का? पूर्वी शर्यतीच्या एंजिनांत हेच तेल वापरीत असत.