खोली ठरवण्याआधी

सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आमची 5 लाखांची मेडिक्लेम पॉलिसी होती, हप्ता कधी चुकला नव्हता, रुग्णालय कॅशलेसच्या यादीतलं होतं. तरीही घरी सोडायच्या दिवशी खिशातून भरायचा आकडा ऐकून माझे यजमान बाकावर बसूनच राहिले.

कारण होतं खोलीभाडं. पॉलिसीत त्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5 हजार. त्या रात्री रिकामी होती ती 8 हजारांची खोली. वरचे 3 हजार आपण भरू, असं कुणालाही वाटतं. कंपनी मात्र सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं या सगळ्याचेच आठातले पाच भाग मंजूर करते. औषधं, इम्प्लांट आणि आयसीयू यांना ही कपात लागू होत नाही. आमच्या बिलात इम्प्लांटलाही लावली होती. भांडून काढून घ्यावी लागली. तेव्हा कपातीचा कागद ओळीनं वाचा, आणि खोलीला हो म्हणण्याआधी मर्यादा विचारा. नवी पॉलिसी घेत असाल तर खोलीभाड्याची अट नसलेलीच घ्या, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

त्याच सुमारास माझ्या मावसभावाची बायपास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. रेशनकार्ड, आधार, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या टेबलावर नोंद, बिल शून्य. ही योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डांची, असं अजूनही अनेकांना वाटतं. जुलै 2024पासून ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. जुना मधुमेह, रक्तदाब असला तरी पहिल्या दिवसापासून. खासगी विम्यात जुन्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि वय वाढेल तसा हप्ता चढतो. मला हा फरक फार मोठा वाटतो. आजारी माणसाला आधी पात्र ठरायला लावणं बरोबर नाही, आणि म्हणून सरकारी व्यवस्था भक्कम व्हायलाच हवी.

पण योजनाही सगळीकडे चालत नाही. ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्याच उपचारांना. जवळची रुग्णालयं कोणती, हे आजच 155388 वर विचारून ठेवा. आणीबाणीत फोनवरूनही मंजुरी मिळते, कागद नंतर देता येतात. पण भरती होतानाच आरोग्यमित्राला गाठा. आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत तर ऑगस्ट 2023पासून उपचार मोफत आहेत, तिथे विम्याचा प्रश्नच येत नाही.

खासगी विम्याचा दावा चुकीचा कापला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.