धुळीआडचे तारे आणि पोटापाण्याचा प्रश्न

‘मुलगी खगोलशास्त्र करायचं म्हणते, पण पुढे काय?’ निकाल लागले की पालक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र आधी हे काम चालतं कसं, ते बघू.

ज्या ताऱ्याचा पृष्ठभाग तीस हजार अंशांच्या घरात तापलेला असतो, त्याचा बहुतेक प्रकाश अतिनील असतो. आपलं वातावरण तो अडवतं, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. भारताने २०१५ साली सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर अशी दुर्बीण आहे. पण तिथूनही दृष्टी स्वच्छ नसते. ताऱ्यांमधल्या जागेत अतिसूक्ष्म धूळ पसरलेली असते आणि ती लाल प्रकाशापेक्षा अतिनील प्रकाश कितीतरी जास्त अडवते. म्हणून अभ्यासक एकाच प्रकारचे दोन तारे निवडतात, एक धुळीआडचा आणि एक जवळजवळ धूळमुक्त दिशेचा. अंतराचा हिशेब करून दोघांचे वर्णपट ताडून पाहिले की उरतो तो फरक धुळीचा. त्या फरकाच्या आलेखात २१७.५ नॅनोमीटरपाशी ठसठशीत उंचवटा दिसतो. तो १९६५ पासून माहीत आहे. कार्बनच्या कणांवर संशय आहे, पण नेमके कोणते कण, हे आजही ठरलेलं नाही. तुमच्या मुलीच्या पिढीसाठी हा प्रश्न खुला आहे!

यात दुर्बिणीला डोळा लावून बसणं जवळपास नसतंच. दिवस जातो तो पायथॉन, सांख्यिकी आणि चुकांचा हिशेब यांत. गणिताचा कंटाळा असेल, तर नुसती सुंदर छायाचित्रं पाहून इकडे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारावीनंतर आयसर, नायसर किंवा जवळच्या चांगल्या कॉलेजातून भौतिकशास्त्र; मग एमएस्सी, आणि पीएचडीसाठी नेट किंवा जेस्ट. पीएचडी करताना फेलोशिप मिळते, त्यामुळे घरावर बोजा पडत नाही. पण कायमच्या जागा थोड्या आहेत आणि बहुतेकांना त्यासाठी तिशी ओलांडावी लागते. हे मुलांपासून लपवू नका. इंजिनिअरिंगकडे ओढा असला तरी वाट बंद नाही: आदित्य-एल१ वरची, सूर्य अतिनील प्रकाशात टिपणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने घडली, आणि अशा उपकरणांना प्रकाशयंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर जाणणारे हात लागतात.

क्लासची फी भरण्यापूर्वी पालकांनी एकच पाहावं. न सुटणाऱ्या गणिताशी मूल तासन्‌तास आपणहून झटतं का? झटत असेल, तर त्याला अडवू नका.