पिंजऱ्यातील अंडे आणि अंगणवाडीतील अंडे

अंडे खावे की खाऊ नये, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. ज्यांच्या ताटात अंडे आहेच, त्यांनी ते कशा रीतीने ठेवलेल्या कोंबडीचे खावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत परदेशांत पुढे आला आणि तेथील मोठमोठ्या उपाहारगृहांच्या साखळ्यांनी तो मनावर घेतला. 'पिंजरामुक्त अंडी' असा शब्द त्यातून रूढ झाला. हा शब्द आमच्या हिवरखेडच्या बाजारात कितपत टिकतो, ते मला पाहायचे आहे.

प्रथम पिंजरा म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये तारेच्या जाळीचे पिंजरे जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ओळीने वर वर रचलेले असतात. एकेका पिंजऱ्यात तीन-चार किंवा त्याहून अधिक कोंबड्या असतात. तळही जाळीचाच व पुढे किंचित उतरता, त्यामुळे विष्ठा खाली पडते आणि अंडे घरंगळत पुढच्या पन्हाळीत येते. व्यवस्था मोठी हिशेबी आहे, हे कबूल केलेच पाहिजे. माणसे कमी लागतात, अंडे स्वच्छ राहते, आणि विष्ठा पायाखाली न राहिल्याने काही रोगही टळतात. परंतु कोंबडीच्या वाट्याला किती जागा येते? युरोपात जुन्या पिंजऱ्यांसाठी शेवटी जी किमान मर्यादा ठरली होती, ती दर कोंबडीस ५५० चौरस सेंटिमीटर. आपण झेरॉक्ससाठी वापरतो तो ए-फोर कागद मोजला तर सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे एका कागदापेक्षाही कमी जागेत कोंबडीने जन्म काढायचा.

कोंबडी ज्याने घरी पाहिली आहे त्याला यातले दुःख शास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही. ती दिवसभर उकिरडा उकरते, उन्हात मातीत अंग घोळते, सांज झाली की उंच जागा धरते. अंडे घालायच्या आधी तिची जी अस्वस्थ फिरफिर चालते, ती आडोशासाठी असते. आमच्याकडे ती गोठ्यातल्या कुटारात नाहीतर कोठीमागे सापडते, आणि घरातली बाई बरोबर तेथेच हात घालते. पिंजऱ्यात यातले एकही कर्म शक्य नाही. शिवाय कवचासाठी लागणारे कॅल्शियम हाडांतून ओढले जाते आणि हालचाल नसल्याने हाडे ठिसूळ होतात. खुडूक बसणे तर त्या जातींतून निवडीनेच काढून टाकलेले आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही.

या पद्धतीवर पहिला मोठा आघात रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंच्या १९६४ च्या पुस्तकाने केला. प्राण्यांना यंत्रासारखे वागविले जाते, हा त्यांचा आक्षेप. त्याची दखल घेऊन ब्रिटिश सरकारने समिती नेमली व तिचा अहवाल १९६५ साली आला. पुढे स्वित्झर्लंडने असे पिंजरे १९९२ पासून बंद केले, आणि युरोपीय संघाने १९९९ साली ठरवून १ जानेवारी २०१२ पासून जुन्या धर्तीचे उघडेबोडके पिंजरे बेकायदा केले. अमेरिकेत कायद्याच्या जोडीला गिऱ्हाईक पुढे आले. बर्गर किंग या साखळीने २०१२ साली, तर मॅकडोनाल्डने सप्टेंबर २०१५ मध्ये पिंजरामुक्त अंड्यांची घोषणा केली. मॅकडोनाल्डची एकट्या अमेरिकेतील अंडी तेव्हा वर्षाला सुमारे दोनशे कोटी होती. दहा वर्षांची मुदत घेतली होती, ती त्यांनी अमेरिकेपुरती आधीच पुरी केली. एवढे गिऱ्हाईक बोलले की शेडवाल्याला ऐकावेच लागते. २०२४ च्या सुमारास अमेरिकेतील जवळजवळ चाळीस टक्के कोंबड्या पिंजऱ्याबाहेर आलेल्या होत्या.

मात्र 'पिंजरामुक्त' म्हणजे 'गावरानी' असा समज कोणी करून घेऊ नये. हजारो कोंबड्या एका बंद शेडमध्ये भुशावर मोकळ्या सोडल्या तरी ते अंडे पिंजरामुक्तच. तेथे चोची कापतात, कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, आणि अंडी न देणारी नर पिले उबवणी केंद्रातच मारली जातात, ती दोन्ही पद्धतींत. तरीही पंख पसरता येणे आणि न येणे यांत फरक आहे, तो मी लहान मानत नाही.

आपल्या देशात कायदा त्यामानाने फार आधी झाला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम ११ सांगते की, ज्या पिंजऱ्यात हालचालीपुरती उंची, लांबी, रुंदी नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. विधी आयोगाने जुलै २०१७ च्या आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांचाच विचार केला आणि पिंजरामुक्त अंड्यांची वेगळी ओळख ग्राहकाला पटावी, अशी दिशा दाखविली. आता १९६० च्या कायद्यातला दंड पाहा : पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

मग आपल्याकडेही साखळ्यांनीच हे काम करावे काय? मला शंका आहे. मॅकडोनाल्डने १९९६ साली भारतात दुकान थाटले ते येथील रीत पाहून. त्यांचे मेयोनीजसुद्धा येथे बिनअंड्याचे आहे. देशात २०२३-२४ मध्ये १४,२७७ कोटी अंडी झाली. ती प्रामुख्याने किराणा दुकानांतून, गाड्यांवरून, खानावळींतून खपतात. हिवरखेडला अंडाबुर्जीच्या एका गाडीवाल्या काकांना मी विचारले की ही अंडी पिंजऱ्यातली की मोकळ्या कोंबडीची? ते म्हणाले, "तीसचा ट्रे येते बाबू. कोंबडी कुठी राह्यते, ते ट्रेवर लिहेल नसते." विधी आयोगाचा मुद्दा त्यांनी एका वाक्यात सांगितला, असे मला वाटले.

आपल्याकडचे सर्वांत मोठे संघटित गिऱ्हाईक म्हणजे सरकार. आमच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि त्यात मेळघाट. तेथील बालकांचे कुपोषण सर्वांना ठाऊक आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना महिन्यातून सोळा दिवस अंडे किंवा केळी देण्याची तरतूद झाली. शाळांतही नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे सुरू झाले, त्यासाठी अंड्यामागे पाच रुपये धरले होते. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने तो जादा निधी थांबविला. पाच रुपयांचे अंडे जेथे टिकले नाही, तेथे पिंजरामुक्त म्हणून ते महाग केले तर पहिली काट कोणाच्या ताटाला लागेल, हे उघड आहे. म्हणून माझे मत असे की, कोंबडीच्या सुखाची किंमत आधी तारांकित हॉटेलातील ऑम्लेटवर बसवावी. अंगणवाडीच्या अंड्यावर ती बसवू नये.

पण येथे एक गंमत आहे. अंगणवाडीच्या आसपासच्या घरांत कोंबड्या असतातच, आणि त्या कधी पिंजऱ्यात गेलेल्याच नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५.१८ कोटी कोंबड्यादी पक्ष्यांपैकी ३१.७० कोटी परसातले निघाले. मग तीच अंडी का घेऊ नयेत? मी हिशेब मांडून पाहिला. चाळीस मुलांची अंगणवाडी धरली, तर महिन्याला ६४० आणि वर्षाला ७,६८० अंडी लागतात. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर देते, म्हणजे पंचवीस-सव्वीस कोंबड्या पुरेत. देशी कोंबडी साठ देते असे धरले तर १२८ हव्यात. परसात वाढणारी वनराजासारखी सुधारित जात घेतली, तिची शे-सव्वाशे अंडी धरली, तर चौसष्ट. वीस घरांत तीन-चार कोंबड्या म्हणजे काही अशक्य गोष्ट नव्हे. मुंगूस, घार आणि मानमोडीचा रोग यांची तूट धरून थोड्या अधिक ठेवाव्या लागतील, लस वेळेवर टोचावी लागेल. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तिच्यासारख्यांनी हे सहज शिकवावे.

अडचण भावाची आहे. गावरानी अंडे आमच्याकडे पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुप्पट भावाने उचलले जाते, तेही दारावरून. त्यामुळे ज्या बाईच्या घरी चार कोंबड्या आहेत ती स्वतःच्या लेकराला अंडे देत नाही. ते विकून तेल-मीठ आणते. सरकारी दराने ती अंगणवाडीला अंडे कशाला देईल? वरच्या हिशेबात हा फरकही धरला पाहिजे. अंड्यामागे पाच रुपये जास्तीचे म्हटले, तरी एका अंगणवाडीमागे तो वर्षाला अडतीस हजार चारशे रुपये होतो.