पेरोव्हस्काइटचा सिंगल क्रिस्टल: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा?

पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांवर प्रकल्प करायचं ठरलं, की महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत ग्लोव्ह बॉक्स (हवाबंद कामपेटी) येऊन बसतो आणि आकडा लाखांत जातो. मिथाइलअमोनियम लेड ब्रोमाइड या पेरोव्हस्काइटचे स्फटिक वाढवायला तो लागत नाही. सौदी अरेबियातल्या ‘काउस्ट’ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये मांडलेली रीत साध्या फ्यूम हूडमध्ये जमते. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात हे संयुग तापवल्यावर कमी विरघळतं. त्यामुळे इथे द्रावण थंड करायचं नाही, तापवायचं. साधारण 80 अंश सेल्सिअसला काही तासांत नारिंगी स्फटिक दिसू लागतात.

1 मोलरच्या 10 मिली द्रावणाला लेड ब्रोमाइड 3.67 ग्रॅम आणि मिथाइलअमोनियम ब्रोमाइड 1.12 ग्रॅम पुरतं. माल थोडा लागतो, पण शुद्धतेची किंमत मोजावी लागते. 98 टक्के आणि 99.999 टक्के शुद्ध लेड ब्रोमाइडच्या दरात मोठी तफावत असते. हात बसेपर्यंत स्वस्त माल वापरा, महागडी बाटली स्फटिकापासून प्रकाश टिपणारा डिटेक्टर बनवायच्या वेळी उघडा. गाळायला 0.2 मायक्रॉनचा पीटीएफई फिल्टरच घ्या. सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर डीएमएफमध्ये टिकत नाही, तिथे चार पैसे वाचवून हाती काही लागत नाही.

हॉट प्लेटवर मात्र काटकसर नको. तापमान वरखाली झालं, की एका मोठ्या स्फटिकाऐवजी बाटलीभर चुरा मिळतो. एखादा छोटा, नितळ स्फटिक बीज म्हणून ताज्या द्रावणात सोडा, तापमान हळूहळू चढवा आणि द्रावण गरम असतानाच स्फटिक बाहेर काढा. थंड होऊ दिलं तर तो परत विरघळू लागतो.

ब्रोमाइडऐवजी आयोडाइड असलेल्या काळ्या स्फटिकाचा मोह सुरुवातीला टाळावा. त्याला लागणारं गॅमा-ब्युटायरोलॅक्टोन हे द्रावक नशेसाठी वापरलं जात असल्याने काही देशांत नियंत्रित आहे.

डिटेक्टरसाठी स्फटिकावर सोन्याचे विद्युत संपर्क चढवायला स्वतःचं यंत्र घेऊ नका, ओळखीच्या प्रयोगशाळेत काम करून घ्या. मोजमापांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’सारख्या केंद्रांत शुल्क भरून नमुने देता येतात.

एक खर्च हमखास विसरला जातो. उरलेल्या द्रावणात शिसं असतं, आणि डीएमएफ त्वचेतून शरीरात जातं. हे बेसिनमध्ये ओतायचं नाही, घरी तर हा प्रयोग मुळीच करायचा नाही. घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची रक्कम अंदाजपत्रकात नसेल, तर मार्गदर्शकांनी त्यावर सही करू नये.