नव्या पिस्तुलाचा नेम

प्रश्न : २५ मीटरच्या स्पर्धेसाठी .२२ चे नवे पिस्तूल घेतले. परंतु गोळ्या तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. नळीच सदोष असेल काय?

उत्तर : नळीवर तोहमत ठेवण्यापूर्वी हाताचा दोष या चौकशीतून वगळावा, म्हणजे वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, एकाच बिंदूवर नेम धरून, निदान तीन निरनिराळ्या बनावटींच्या काडतुसांच्या दहा-दहा गोळ्या झाडून पाहाव्यात, कारण .२२ ची नळी काडतुसांच्या बाबतीत जावयाइतकी चोखंदळ असते, एका पेटीवर रुसते आणि दुसरीवर प्रसन्न होते. बनावट बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत. आधीच्या काडतुसांचे वंगण नळीत शिल्लक असते. अतिवेगवान काडतुसे सर्वथा वर्ज्य.

त्यानंतर मागच्या साइटचे स्क्रू तपासावेत. माझ्या पिस्तुलाचा असा एक स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला, आणि तत्पूर्वी दोन महिने मी निरपराध ट्रिगरला दूषणे देत होतो!

टेकूवरून गोळ्या दहा गुणांच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावल्या, तर आपली पकड सुधारावी. कोणत्याही काडतुसाने न मावल्यास लक्ष्याचे ते सारे कागद जोडून विक्रेत्याकडे लेखी तक्रार गुदरावी.