बॉक्स विकू नका, सेटिंग करून द्या : प्रोसेसरची मिडी आणि फूट पेडल

ज्यांना म्युझिकच्या वस्तूंचं दुकान टाकायचंय किंवा साउंड सर्व्हिस सुरू करायचीय, त्यांच्यासाठी आजचा धडा आहे. विषय टेक्निकल वाटेल, पण खरं तर तो गल्ल्याचा आहे.

दुकानाच्या पहिल्या वर्षी गणपतीच्या आधी मी एका ऑर्केस्ट्रावाल्या दादांना गिटारचा इफेक्ट प्रोसेसर आणि पेडल विकलं. बिल केलं, पेढा दिला, विषय संपला. चौथ्या दिवशी दादा बॉक्स घेऊन परत. "मशीन खराब आहे. शांत गाण्याला डिस्टॉर्शन लागलं, पब्लिक हसलं." मी काउंटरवरच मशीन लावून बघितलं, तर मशीन एकदम ठणठणीत! चूक सेटिंगची होती, आणि ते करून न देणारा मी होतो. बीबीएला विक्रीनंतरच्या सेवेवर मी पानंच्या पानं लिहिली होती, पण तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

आधी मिडी म्हणजे काय ते समजून घ्या

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात. 'हा पॅच लाव', 'एवढा व्हॉल्यूम कर', असे. १९८३ साली हे स्टँडर्ड आलं, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं आजही एकमेकांशी बोलतात. दादांना हवं होतं ते इतकंच : कीबोर्डवर गाण्याचा नंबर बदलला की गिटारचा पॅच आपोआप बदलावा.

पायरी १ : केबल. कीबोर्डच्या मिडी आउटमधून प्रोसेसरच्या मिडी इनमध्ये. आउट ते इन, एवढं पाठ करा. ग्राहक विचारतो, "दोन्हीला यूएसबी आहे, तीच वायर जोडू का?" बहुतेक वेळा चालत नाही, कारण दोन्ही मशीन समोर कॉम्प्युटर असेल असं धरून चालतात. मिडीचं छोटं ३.५ एमएम सॉकेट असेल तर त्यात ए आणि बी असे दोन प्रकार येतात. अदलाबदल झाली तर हुकूम पोहोचतच नाही.

पायरी २ : चॅनेल. मिडीत १६ चॅनेल असतात. कीबोर्ड ज्या चॅनेलवर पाठवतो, त्याच चॅनेलवर प्रोसेसर ऐकायला हवा. प्रोसेसरमध्ये 'ओम्नी' चालू असेल तर तो सगळ्याच चॅनेलचं ऐकतो. स्टेजवर दोन-तीन वाद्यं जोडलेली असतील तर ओम्नी बंद करा आणि एक चॅनेल ठरवून द्या.

पायरी ३ : पॅचचा नंबर. दादांची फजिती इथेच झाली. पॅच बदलायच्या हुकमाला प्रोग्राम चेंज म्हणतात. आतमध्ये हे आकडे ० ते १२७ असतात, पण काही मशीन स्क्रीनवर १ ते १२८ दाखवतात. म्हणजे कीबोर्डवर ५ दाबलं की समोर ६ लागू शकतो! अंदाज लावू नका. एक नंबर पाठवा, समोर काय लागतं ते बघा आणि फरक लिहून ठेवा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये प्रोग्राम मॅप नावाचा तक्ता असतो. कोणत्या आकड्याला कोणता पॅच, हे तिथे ठरवता येतं.

पायरी ४ : एक्स्प्रेशन पेडल. याला तीन टोकांची केबल लागते, म्हणजे पिनवर दोन काळ्या रेषा असलेली. साधी गिटारची वायर लावली तर पेडल नीट चालत नाही. दुसरी अडचण अशी की पेडलची आतली वायरिंग सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. पेडल शेवटच्या इंचभरातच उसळी मारत असेल तर आधी वायरिंगवर संशय घ्या. काही पेडलच्या खाली त्यासाठी स्विच असतो. मग कॅलिब्रेशन करा : मशीन सांगेल तशी टाच पूर्ण दाबा, मग चवडा पूर्ण दाबा.

शेवटी किमान-कमाल ठरवा. वाहसाठी ० ते १०० ठीक. सोलोला आवाज चढवायचा असेल तर मी किमान ७०च्या आसपास ठेवतो, म्हणजे पाय चुकला तरी गिटार गायब होत नाही. पेडलचा हुकूम मिडीतून जात असेल तर कंट्रोल नंबर बघा. सहसा ७ म्हणजे व्हॉल्यूम, ११ म्हणजे एक्स्प्रेशन.

पायरी ५ : फूट स्विच. यात दोन प्रकार. एक दाबेपर्यंतच चालू राहतो, तो मोमेंटरी. दुसरा घरातल्या बटणासारखा, एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद, तो लॅचिंग. "दोनदा दाबल्याशिवाय कामच करत नाही" अशी तक्रार आली की ओळखा, मशीनमध्ये मोमेंटरी निवडलंय आणि पायाखाली लॅचिंग आहे.

पायरी ६ : सेव्ह. काही सेटिंग पूर्ण मशीनला लागू होतात, काही फक्त त्या पॅचला. सेव्ह न करता पॅच बदलला तर सगळी मेहनत पाण्यात. सेव्ह करा, मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि ग्राहकाच्या पायाने तपासा, आपल्या नाही.

आता धंद्याचं बोलू

या सहा पायऱ्यांना सवय झाल्यावर मला अर्धा तास लागतो. नव्या खरेदीवर मी हे फुकट करतो. बाहेरून घेतलेलं मशीन आणलं तर पैसे घेतो आणि ते आधीच सांगतो. सोबत एक चिठ्ठी देतो : चॅनेल, पॅचचे नंबर, पेडलचा प्रकार. तिचा फोटो ग्राहकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो. कार्यक्रमाच्या रात्री फोन आला तर दोघांसमोर एकच कागद असतो.

किमतीत ऑनलाइनशी आपण नेहमी जिंकणार नाही. पण ऑनलाइनवाला ग्राहकाच्या शेजारी बसून पेडल दाबून बघत नाही. ते दादा आजही माझ्याकडेच येतात, आणि येताना नवा गिटारवाला घेऊन येतात.

तुमचा गृहपाठ : तुम्ही जी वस्तू विकणार आहात, ती घरी नेल्यावर ग्राहक पहिल्यांदा कुठे अडकेल? तीन जागा लिहा आणि त्या काउंटरवरच कशा सोडवाल ते ठरवा. भेटू पुढच्या धड्यात!