यंत्रमानव आणि आपले हात

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की भोसरी लागते. पुढे गेले की चाकण येते. या भागात कारखानेच कारखाने आहेत. पाळी सुटली की कामगारांचे घोळके बाहेर पडतात. त्यांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो. तो शब्द म्हणजे रोबो. एकजण सांगतो, "आमच्या खात्यात दोन रोबो आले." लगेच दुसरा विचारतो, "मग माणसं किती कमी झाली?"

हा प्रश्न पोटाचा आहे. तो टाळून चालणार नाही. म्हणून या पाठात आपण रोबोची, म्हणजे यंत्रमानवाची, नीट ओळख करून घेऊ.

प्रथम शब्द पाहू. युरोपात चेक नावाची भाषा आहे. त्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. त्यात कारखान्यात तयार केलेले, माणसासारखे दिसणारे गडी होते. ते माणसांसाठी राबत. त्यांना नाटकात 'रोबोट' म्हटले होते. तेथून हा शब्द जगभर गेला. वेठ म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. वाड्यावरून हुकूम आला की मुकाट्याने राबायचे, मजुरी मागायची नाही, ही वेठ आपल्या आजा-पणजांनी केली आहे.

आता रूप पाहू. चित्रात रोबोला डोके, डोळे आणि दोन पाय असतात. कारखान्यातला रोबो बहुधा तसा नसतो. तो म्हणजे नुसता एक मोठा हात. त्याला खांदा, कोपर, मनगट असे सांधे असतात. प्रत्येक सांध्यात मोटार असते. मोटारींना हुकूम देणारा संगणक असतो. काही रोबोंना कॅमेऱ्याचा डोळाही असतो. कुठे जायचे, काय धरायचे, कुठे ठेवायचे, हे माणूस त्याला एकदा शिकवतो. मग तो तेच काम हजार वेळा तसेच करतो. पण आपण हे काम का करतो, हे त्याला कळत नाही. जेवढे शिकवले तेवढेच त्याला येते.

असा पहिला यंत्रहात अमेरिकेत १९६१ साली मोटारींच्या एका कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले धातूचे तापलेले भाग उचलायचे, हे त्याचे काम. त्या कामात माणसाचे हात भाजत. म्हणजे पहिल्याच दिवशी रोबोने माणसाची वेठ उचलली.

पुण्याजवळचे उदाहरण घेऊ. चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० सालापासून छोटे यंत्रहात आले. ते डेन्मार्क देशात बनलेले. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. मोठे रोबो जाळीच्या कुंपणात ठेवावे लागतात. हे छोटे हात मात्र माणसाच्या शेजारी उभे राहून काम करतात. बोल्ट आवळण्यासारखे काम दिवसभर केले की माणसाचा खांदा भरून येतो, मनगट दुखते. ते काम यंत्रहात करतो. काम बरोबर झाले की नाही, हे माणूस पाहतो.

दुसरे उदाहरण दिघीचे. आळंदी रस्त्यावर दिघी येथे सरकारची संरक्षण संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी 'दक्ष' नावाचा यंत्रमानव तयार केला. तो चाकांवर चालतो, जिना चढतो. संशयित पिशवीजवळ जाऊन तो क्ष-किरणांनी आत काय आहे ते पाहतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो बॉम्ब निकामी करतो. त्याला चालवणारा जवान लांब, सुरक्षित जागी असतो. २०११ साली असे यंत्रमानव लष्कराच्या हवाली झाले.

त्याचे मोल पुणेकरांना समजते. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत बॉम्ब फुटला. १७ माणसे प्राणाला मुकली. बॉम्ब एका पिशवीत होता. अशा पिशवीजवळ कोणी जायचे? यंत्राचे तुकडे झाले तर दुसरे यंत्र करता येते. माणूस गेला तर घर बसते. आपणही एक गोष्ट ध्यानात ठेवू. बेवारस पिशवी दिसली तर हात लावायचा नाही. लांब व्हायचे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवायचे.

तिसरे काम गटाराचे. गटाराच्या टाकीत विषारी वायू साचतो. आत उतरलेला माणूस गुदमरतो. त्याला काढायला गेलेला दुसराही गुदमरतो. माणसाला असे जीव धोक्यात घालून गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. केरळातील तरुणांनी या कामासाठी यंत्रमानव बनवला. २०१८ साली तो तिरुवनंतपुरम शहरात गटारे साफ करू लागला. ही वेठ यंत्राच्या गळ्यात पडली तर कोणाला वाईट वाटेल?

इथवर सारे गोड. आता कडू बाजूही पाहू. जे काम यंत्र उचलते त्यात वेठ असते, तशी भाकरीही असते. वेल्डिंगच्या खात्यात रोबो आला की तेथे पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत. कायम कामगाराला दुसऱ्या खात्यात पाठवता येते. ठेकेदाराच्या माणसाला "उद्यापासून येऊ नको" एवढेच ऐकावे लागते.

पुण्याला हे नवे नाही. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तेथे तांब्याची भांडी ठोकून घडवीत. घरोघरचे हंडे, बंब, घंगाळी तांबटांच्या हातची असत. पुढे कारखान्यांतून ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलची भांडी आली. ती हलकी, त्यांना कल्हई नको. गिऱ्हाईक तिकडे वळले. तांबटांच्या हातात कला होती, पण मागणी उरली नाही. कित्येक घरांनी धंदा सोडला. ज्यांनी टिकवला त्यांनी नव्या गिऱ्हाइकाच्या आवडीच्या वस्तू घडवायला घेतल्या. तो बदल करताना त्यांच्या पाठीशी कोण होते? ज्याचे त्यानेच निभावले. रोबोच्या बाबतीत पुन्हा तसे होऊ नये.

त्यासाठी तीन गोष्टी हव्यात.

पहिली गोष्ट मालकाची. यंत्र आणण्याआधी कामगारांना विश्वासात घ्यावे. ज्याचे काम जाणार त्याला पगार चालू ठेवून नवे काम शिकवावे. यंत्रामुळे वाढलेल्या नफ्यात त्याचाही वाटा आहे.

दुसरी गोष्ट आपली. रोबोला जोडणारा, तेलपाणी करणारा, दुरुस्त करणारा माणूस लागतोच. तो फिटर असतो, इलेक्ट्रिशियन असतो. औंधच्या सरकारी आयटीआयसारख्या ठिकाणी ही कामे शिकवतात. मुलगा शिकेल, तशी मुलगीही शिकेल. बटण दाबायला मनगटाचा जोर लागत नाही.

तिसरी गोष्ट जपणुकीची. रोबोला दया नाही आणि रागही नाही. वाटेत माणूस आला हे त्याला दिसले नाही, तर हात थांबत नाही. १९७९ साली अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात यंत्राचा मार लागून एक कामगार दगावला. म्हणून यंत्र चालू असताना कुंपणाच्या आत जायचे नाही. बंद करायचे लाल बटण कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचे. भिंतीवरची सूचना वाचायची. वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची, आणि तेवढ्यावर न थांबता अक्षर शिकायचे.

धोक्याची आणि कंटाळ्याची वेठ यंत्राने खुशाल वाहावी. पण त्यातून सुटलेल्या माणसाला कामही मिळाले पाहिजे. ते यंत्र ठरवीत नाही. मालक, सरकार आणि आपण मिळून ते ठरवतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "खात्यात रोबो आला," तर दोन प्रश्न विचारू : त्याने कोणते काम उचलले? आणि त्या कामावरची माणसे आता कुठे आहेत?

विचार करा व सांगा :

१. 'रोबोटा' या शब्दाचा अर्थ काय?

२. 'दक्ष' कोणते काम करतो? ते काम माणसाने का करू नये?

३. तुमच्या कामातील कोणता भाग यंत्राने करावा असे वाटते? कोणता भाग तुमच्याच हातून व्हावा?